सगळ्यांत वरचे गाव

अकोले तालुक्यात मी शाळामास्तर आहे. कादंबऱ्या लिहितो ते रात्री. दिवसा भूगोल शिकवतो. त्या भूगोलाच्या तासाला एकदा माझ्यासमोर मारामारी जुंपली. घाटमाथ्यावरच्या दोन गावांची पोरे, जिल्ह्यात आपलेच गाव सगळ्यांत उंच, म्हणून एकमेकांच्या अंगावर धावली. गावांची नावे सांगत नाही. ते भांडण अजून पुरते विझलेले नाही.

शिखराचा प्रश्न असता तर निकाल सोपा होता. कळसूबाई 1646 मीटर. साऱ्या महाराष्ट्रात तिच्यावर कोणी नाही. पण माथ्यावर जागा देवळापुरती. कळसू नावाची कोळ्याची मुलगी, भांडी घासायला लावली म्हणून रुसून डोंगरावर गेली आणि तिथेच राहिली, अशी आमच्याकडची कथा. तिच्या मागोमाग वर संसार थाटायला कोणी गेले नाही. बारी गाव पायथ्यालाच राहिले. उलट महाबळेश्वरचा डोंगर कळसूबाईहून ठेंगणा, पण माथा जांभ्याचा, ऐसपैस आणि झऱ्यांचा. म्हणून तिथे 1353 मीटरवर बाजारपेठ आहे! शिखर आमचे, पण उंच वस्तीत सातारकरांनी आम्हांला केव्हाच मागे टाकले. माणूस घर बांधतो ते पाणी पाहून.

पण एवढ्याने पोरांचे समाधान होईना. तेव्हा मला विल्यम साइक्स आठवला. मुंबई सरकारसाठी मुलखाची माहिती गोळा करायला कंपनीने नेमलेला हा लष्करी अधिकारी 1824 पासून दख्खनभर हिंडला. आमच्या हरिश्चंद्रगडावर राहून त्याने हवामानाच्या नोंदी केल्या. धुक्यात आपल्या सावलीभोवती उमटलेले वाटोळे इंद्रधनुष्य त्याने पाहिले, ते वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीने 1835 मध्ये छापले. पुढे 1838 मध्ये त्याने साध्या उष्णतामापकाने उंची कशी काढावी यावर लेख लिहिला. युक्ती सोपी आहे. जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब घटतो आणि पाणी कमी उष्णतेवर उकळते. साधारण 300 मीटरला एक अंश सेल्सिअसचा फरक पडतो.

एप्रिलातल्या एका रविवारी शाळेचा उष्णतामापक आणि एक पातेले घेऊन आम्ही निघालो. पहिल्या गावात देवळापुढे चूल मांडली. पारा स्थिरावला, पोरांनी आकडा टिपला. लगेच एक म्हातारबुवा म्हणाले, "गुरुजी, आमची वरची वाडी धरली का?" झाली पंचाईत! सरकारी दप्तरात गाव एक, पण त्याच्या वाड्या डोंगरभर विखुरलेल्या. दुसऱ्या गावातही तेच. देवळापाशी मोजावे तर पहिले गाव वर, वाडीपाशी मोजावे तर दुसरे. आणि फरक इतका बारीक की आमच्या त्या नळीने त्याची ग्वाही देऊ नये.

हे दुखणे आमच्यापुरतेच नाही. हिमाचलातल्या स्पितीत कोमिक गावी 4587 मीटरची पाटी आहे, पण दावा करताना मोटाररस्ता पोचलेले सर्वांत उंच गाव, अशी अट जोडावी लागते. त्याआधी हाच मान शेजारचे किब्बर सांगत असे. लडाखात त्सो मोरिरी सरोवरच 4522 मीटरवर, आणि त्याच्या काठावर कोरझोक वसलेले. तिथले चांगपा मेंढपाळ तंबू घेऊन आणखी वर चढतात. तंबूंना गाव म्हणायचे की नाही, ते आधी ठरवा, मोजणी मागाहून!

दुसऱ्या गावात चूल विझवताना एक आजी पुढे आली. तिने पातेल्यात वाकून पाहिले. "उकळलंत ते ठीक, पण सांडू नका हो. हंडा खालून आणावा लागतो." मी ओशाळलो. पावसाळ्यात याच डोंगरांवर इतके कोसळते की छपरे गळायची थांबत नाहीत. ते सारे प्रवरेतून भंडारदऱ्याला जाते, 1926 साली पुऱ्या झालेल्या धरणात साठते, आणि तिथून खालच्या उसाला मिळते. वरच्या हंड्याला एप्रिलात झिरा शोधावा लागतो.

पातेल्यातले पाणी आजीने चहाला घेतले. पोरे तिचा हंडा घेऊन झिऱ्यावर गेली, दोन्ही गावांची. जाताना एकाने पावले मोजायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच मोजली. वर आल्यावर तो आकडा वहीत उंचीच्या आकड्याखाली लिहिला गेला. त्यावर कोणी हरकत घेतली नाही.