रक्तनमुन्याची हाताळणी व डीएनए-दुरुस्तीचे मापन

नळीत घेतलेल्या रक्तातील पांढऱ्या पेशी काही काळ जिवंत राहतात आणि आपल्या डीएनएची डागडुजी चालूच ठेवतात. साखरेच्या तपासणीतही अडचण याच जातीची असते: नळीतील साखर पेशी तासाला साधारण ५ ते ७ टक्के संपवतात, म्हणून फ्लोराइडची नळी वापरतात. डीएनए-दुरुस्तीसाठी अशी एकच सोयीची नळी नाही.

कॉमेट चाचणीत विजेच्या प्रवाहात तुटक्या डीएनएची धूमकेतूसारखी शेपटी ओढली जाते. तिचे १९८४ मधील मूळ रूप स्वीडनमधले. आज सर्रास वापरले जाणारे अल्कली रूप नरेंद्र सिंग व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडले. एकेरी धाग्यातले बरेच तुकडे ३७ अंशांना मिनिटांतच सांधले जातात, म्हणून कॉमेटचा नमुना बर्फावर ठेवतात. संरक्षक द्रव न घालता रक्त गोठवले तर पेशी फुटतात. जनुकाची अक्षरे मग वाचता येतील, पण दुरुस्तीचा वेग मोजायला काही उरत नाही.

डीएनए-दुरुस्तीतील जन्मजात दोषामुळे होणाऱ्या फॅन्कोनी अॅनिमियाच्या निदानाला मात्र उलटी गरज. डीएनएला इजा करणारे मायटोमायसिन-सी घालून पेशी वाढवायच्या आणि गुणसूत्रे किती तुटतात ते मोजायचे. त्यासाठी पेशींचे विभाजन व्हावे लागते, म्हणून रक्त हेपॅरिनच्या, हिरव्या टोपीच्या नळीत घेतात व गोठवत नाहीत. जांभळ्या टोपीचे ईडीटीए पेशींना लागणारे कॅल्शियम बांधून ठेवते. उलट पीसीआरला हेपॅरिनच अडथळा करते. या आजारावर मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत अभ्यास झाला आहे.

आता दुरून पाठवलेल्या नमुन्याचे उदाहरण घेऊ: परभणी जिल्ह्यातील सेलू जालना–परभणी लोहमार्गावर आहे. तेथून मुंबई रात्रभराच्या प्रवासाची. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. नमुन्याच्या तापलेल्या डब्यात पेशी मेल्या तर विभाजन होत नाही, चाचणी फसते, आणि लेकराच्या दंडात पुन्हा सुई जाते. हे त्रासदायक. पण चाचणी फसल्याचे कळते तरी. कॉमेटमध्ये तसे नाही: वाटेत दुरुस्ती झाली तर शेपटी आखूड दिसते आणि अहवाल बिनचूक वाटतो. म्हणून तुलनेसाठी निरोगी व्यक्तीचे रक्त त्याच वेळी काढून त्याच डब्यातून पाठवावे. क्ष-किरणांनीही डीएनए तुटतो, म्हणून नुकताच सीटी स्कॅन झाला असल्यास तेही कळवावे. चिठ्ठीवर रक्त काढल्याची वेळ आणि जिल्ह्याचे नाव हवेच. वर्धा जिल्ह्यातही एक सेलू आहे.