पंप बदलला? मग पाश्चरायझेशन पुन्हा सिद्ध करा!

अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेर, अकोले, राहाता, राहुरी भागात दूधधंद्यावर हजारो घरं चालतात. दूध प्रकल्पात पाश्चरायझेशन हा सर्वांत महत्त्वाचा नियंत्रण बिंदू. दूध ७२ अंश सेल्सिअसला किमान १५ सेकंद राहिलं पाहिजे. इथं चूक झाली, तर क्षयरोग, ब्रुसेलोसिससारख्या आजारांचे जंतू थेट ग्राहकाच्या घरी जाऊ शकतात.

रोज तापमान लिहून ठेवणं म्हणजे देखरेख. ठरवलेल्या मर्यादेत जंतू खरंच मरतात, हे पुराव्यानिशी दाखवणं म्हणजे प्रमाणीकरण. ते एकदा केलं की कायमचं झालं, असं नसतं.

उदाहरण पाहा

ताशी ५,००० लिटरच्या प्रवाहासाठी बसवलेल्या होल्डिंग ट्यूबमध्ये दूध बरोबर १५ सेकंद थांबतं. मोठा पंप बसवून प्रवाह ६,००० लिटर केला, की हा वेळ साडेबारा सेकंदांवर येतो. काटा मात्र ७२ अंशच दाखवतो! तापमान घसरलं तर व्हॉल्व्ह दूध मागे वळवतो, पण वेळ कमी पडल्याचं त्याला कळत नाही. नोंदवही चोख, दूध मात्र कच्चं.

फेरप्रमाणीकरण कधी करावं?

- पंप, होल्डिंग ट्यूब, प्लेट किंवा तापमापक बदलल्यावर
- नवं उत्पादन सुरू करताना. आइस्क्रीमच्या घट्ट, साखर घातलेल्या मिश्रणाला साध्या दुधापेक्षा जास्त तापमान लागतं
- फॉस्फटेज चाचणीत नमुना नापास झाल्यास किंवा मर्यादा वारंवार चुकत असल्यास
- ग्राहकाला बाधा झाल्याची तक्रार आल्यास
- नियम बदलल्यास किंवा नव्या धोक्याची माहिती मिळाल्यास

यातलं काहीच घडलं नाही, तरी वर्षातून एकदा पूर्ण आढावा घेणं चांगलं.

कसं करावं?

आधी तापमापक प्रमाणित उपकरणाशी जुळवून घ्यावा. मग प्लांटमधून पाणी फिरवून होल्डिंग ट्यूबच्या सुरुवातीला मिठाचं द्रावण सोडावं आणि ते दुसऱ्या टोकाला किती सेकंदांत पोचतं, ते विद्युतवाहकता मापकानं मोजावं. पाणी आणि दुधाच्या प्रवाहात फरक असल्यास तो हिशेबात धरावा. त्यानंतर दुधाची फॉस्फटेज चाचणी करावी. तारीख, आकडे आणि सही फाईलला लावावी.

निकाल हाती येईपर्यंत नव्या प्रवाहानं काढलेलं दूध बाजारात पाठवू नये.