दुर्गांचा वाटसरू : गो. नी. दांडेकर

१९५६ सालापर्यंत रायपूर आणि वऱ्हाडातील परतवाडा ही दोन्ही गावे एकाच प्रांतात होती, हे आता नव्या पिढीस मुद्दाम सांगावे लागते. दोहोंची राजधानी नागपूर. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला वऱ्हाड मुंबई राज्यात गेला, रायपूर मध्यप्रदेशात राहिले. आणि २००० साली त्याच तारखेस छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. त्या परतवाड्यात ८ जुलै १९१६ रोजी गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचा जन्म झाला. समता कॉलनीतील आम्हां मराठी मंडळींस गो. नी. दा. घरचे वाटतात, ते काहीसे या जुन्या नात्यानेही.

पोरवयातच स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने त्यांनी घर सोडले. गाडगे महाराजांचा सहवास, वेदान्ताचे अध्ययन, नर्मदेची परिक्रमा अशी वळणे घेत ते अखेर तळेगाव दाभाडे येथे स्थिरावले आणि लेखणीवरच संसार चालविता झाले. हा प्रवास ‘स्मरणगाथे’त आहे, त्या ग्रंथास १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. १९८१ च्या अकोला येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १ जून १९९८ रोजी ते निवर्तले.

आम्हांस विशेष वाटते ते असे की, ज्या प्रदेशांचे ते कादंबरीकार म्हणून ओळखले गेले, त्यांपैकी एकातही त्यांचा जन्म झाला नव्हता. ‘शितू’ आणि ‘पडघवली’ कोकणच्या, ‘पवनाकाठचा धोंडी’ मावळची, ‘जैत रे जैत’ ठाकरांची. वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाने या बोली कानांनी मिळविल्या. ओसरीवर बसावे, भाकरी मागून खावी, म्हाताऱ्यांस बोलते करावे, ही त्यांची रीत. ‘पडघवली’तील अंबूवहिनी आपल्या उजाड होत चाललेल्या गावाविषयी बोलू लागते, तेव्हा लेखक परका आहे अशी शंकाही मनात येत नाही.

इतिहासाकडेही ते याच वाटेने गेले. धोंडी हा तुंग किल्ल्याच्या हवालदारांच्या घराण्यातला. राज्य गेले, गडावरची सत्ता गेली, तरी हवालदारीचे ओझे त्याच्या मनावरून उतरत नाही. शिवकाल असा एका शेतकऱ्याच्या वागण्यात शिल्लक असतो, हे दाखविणे दप्तरातील कागदांस साधले नसते. ‘माचीवरला बुधा’ मुंबई सोडून राजमाचीवर परततो, त्यातही हीच ओढ आहे. स्कॉटलंडच्या सर वॉल्टर स्कॉट यांनी सरहद्दीवरील मुलखातून हिंडून लोकगीते गोळा केली, तो संग्रह १८०२-०३ मध्ये छापला, आणि ‘वेव्हर्ली’ ही पहिली कादंबरी त्यानंतर, १८१४ साली, प्रसिद्ध केली. आधी पायपीट, मग लेखन, हा क्रम दोघांचाही.

काटेकोर अर्थाने गो. नी. दा. इतिहाससंशोधक नव्हेत. राजवाड्यांप्रमाणे दप्तरे धुंडाळणे हे त्यांचे काम नव्हते, आणि ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’ यांसारख्या शिवकालीन कादंबऱ्यांत भक्तीचा पूर एवढा की शत्रुपक्षाचा माणूस क्वचितच पुरता माणूस होतो. आमच्या मते त्यांचे खरे इतिहासकार्य ‘दुर्गदर्शन’ आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ यांत सापडते. पाण्याचे टाके कोठे, चोरदरवाजा कोणत्या अंगास, वाट कड्याला कशी बिलगते, या गोष्टी गड स्वतः चढल्यावाचून कळत नाहीत. वेढा किती दिवस सोसता येईल, हे तर टाक्यांतील पाण्यावरच ठरत असे.

हे वाचताना आमची दृष्टी साहजिकच भोवताली वळते. परंपरा सांगते की शिवनाथ नदीच्या उत्तरेस रतनपूरचे १८ आणि दक्षिणेस रायपूरचे १८ असे गड मिळून छत्तीसगड हे नाव पडले. हैहयवंशी कलचुरींच्या या मुलखात १७४१ साली भास्करपंत नागपूरकर भोसल्यांची फौज घेऊन आले. पुढे १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहत होते, आणि तेथील रामटेकडीवरचे राममंदिर त्यांनीच बांधविले. येथील मराठी वस्तीची पाळेमुळे शोधू जाता वाट तिकडेच जाते. तेथील वृद्धांची बोली छत्तीसगढी आहे, आणि ती आमच्या मुलांच्या कानांवर रोज बाजारात पडते. रतनपूर येथून एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे.