रावेरकडील संगणकीय मराठी लेखन व जुनी प्रणाली

१९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीस स्थान मिळाले. तथापि विंडोज ९८ वर मराठी टंकन करणारे पुष्कळ लोक खासगी फॉन्टांवरच विसंबत. त्यांत अक्षराचा संकेत नसून, अक्षराकृतीचे तुकडे रोमन संकेतांच्या जागी बसविलेले असत. मूळ फॉन्टावाचून तो मजकूर अर्थहीन रोमन खुणांच्या रूपाने दिसतो.

रूपांतरक आज्ञावली आहेत. परंतु बोलीच्या अभ्यासकास त्या पुरत नाहीत. रावेरकडील लेवा बोलीत ‘काळा’ याचे ‘काया’ होते. रूपांतरित प्रतीत ‘काया’ आढळल्यास ते बोलीचे रूप, की यंत्राची चूक? मूळ आकृती पाहिल्याविना निर्णय अशक्य. सबब जुनी प्रणालीच व्हर्च्युअल मशीनमध्ये चालविणे श्रेयस्कर. ही युक्ती नवी नव्हे: आयबीएमची व्हीएम/३७० १९७२ ची, १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ती वैयक्तिक संगणकावर आणली.