विमान ‘ऑटो’वर चालतं, मग पायलटची चूक कशी होते? सोप्या भाषेत समजून घ्या

विमान अपघात झाला की लगेच ‘पायलटची चूक’ असं कानावर येतं आणि विषय संपतो. पण चौकशी अहवाल पाहिले तर दिसतं की खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. पायलट चुकला, पण का चुकला?

ऑटोपायलट म्हणजे काय?

ठरवलेली उंची, दिशा आणि वेग आपोआप सांभाळणारी यंत्रणा म्हणजे ऑटोपायलट. टेकऑफ पायलट हातानेच करतो, लँडिंगही बहुतेक वेळा हातानेच होतं. मधला जवळपास सगळा प्रवास ऑटोवर असतो. यामुळे विमानप्रवास पूर्वीपेक्षा खूप सुरक्षित झाला, हे खरं आहे.

अडचण कुठे येते? शेतातल्या मोटारीचंच बघा. ऑटो स्विच बसवला की लाईट आल्यावर मोटार आपोआप सुरू होते. मग विहिरीवर जायची सवय सुटते. ज्या दिवशी विहिरीत पाणी नसतं, त्या दिवशी मोटार कोरडी चालून जळते, कारण बघायला कोणीच नसतं. विमानातही धोका असाच आहे.

एअर फ्रान्स ४४७ : सव्वाचार मिनिटांत २२८ बळी

१ जून २००९. ब्राझीलच्या रिओहून पॅरिसला निघालेलं एअरबस ए-३३० विमान रात्री अटलांटिक महासागरावर, ३५ हजार फुटांवर होतं. मुख्य कॅप्टन नियमानुसार विश्रांतीला गेले होते.

विमानाचा वेग मोजायला बाहेर पिटो नावाच्या छोट्या नळ्या असतात. त्यात बर्फाचे कण अडकले आणि वेगाचे आकडे चुकीचे येऊ लागले. खात्रीचा वेग मिळेना म्हणून ऑटोपायलट बंद झाला आणि विमान एकदम पायलटच्या हातात आलं.

त्या क्षणी विमानात मोठा बिघाड नव्हता. विमान सरळ ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण गोंधळलेल्या पायलटने नाक वर ओढलं. विमान ३८ हजार फुटांपर्यंत चढलं, वेग गेला आणि पंखांना हवेचा आधार मिळेनासा झाला. याला ‘स्टॉल’ म्हणतात. यातून सुटायचं तर नाक खाली करावं लागतं. पण नाक बहुतांश वेळ वरच राहिलं.

धोक्याचा इशारा एकदा सलग ५४ सेकंद वाजला. नंतर वेगाचा आकडा इतका घसरला की यंत्राला तो खरा वाटेना, आणि इशारा बंद पडला. पायलटने नाक खाली केलं की तो परत वाजायचा. म्हणजे बरोबर केलं की भोंगा आणि चूक केली की शांतता! कॅप्टन धावत परत आले, पण उशीर झाला होता. विमान समुद्रात कोसळलं. कोणीही वाचलं नाही.

ब्लॅक बॉक्स सुमारे ३,९०० मीटर खोल समुद्रात, दोन वर्षांनी सापडले. फ्रान्सच्या चौकशी संस्थेचा अंतिम अहवाल जुलै २०१२ मध्ये आला. त्यात पायलटच्या चुकांसोबत नळ्यांचा दोष, गोंधळात टाकणारे इशारे आणि इतक्या उंचीवर हाताने विमान चालवण्याच्या सरावाचा अभाव, हे सगळं नोंदवलं आहे.

आपल्याकडेही घडलं

१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळुरूला गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं ए-३२० विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. १४६ पैकी ९२ जणांचा जीव गेला. यंत्रणा अशा मोडमध्ये होती की इंजिनं अगदी मंद चालत होती. वेग घटतोय हे पायलटांच्या लक्षात उशिरा आलं.

यंत्रच चुकलं तर?

याची उलट बाजू बोइंग ७३७ मॅक्सची. एका सेन्सरच्या चुकीच्या माहितीवरून तिथली ‘एमकॅस’ ही यंत्रणा विमानाचं नाक वारंवार खाली ढकलत होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात मिळून ३४६ जण गेले. पहिल्या अपघाताआधी या यंत्रणेची माहिती पायलटांना दिलेलीच नव्हती.

वाद नेमका काय?

- एक बाजू म्हणते : माणूस थकतो, घाबरतो. म्हणून यंत्रावर जास्त काम सोपवा.
- दुसरी बाजू म्हणते : यंत्र अडलं की शेवटी माणूसच लागतो. त्याचा हात बसलेला नसेल तर तो ऐनवेळी काय करणार?

आता कॉकपिटमध्ये दोनऐवजी एकच पायलट ठेवायचा विचारही काही ठिकाणी चालू आहे. म्हणून हा वाद आपल्याही कामाचा आहे. आज गावागावांतली पोरं नोकरीसाठी विमानाने परदेशी जातात.

लक्षात ठेवा : अपघातानंतर लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या निकालावर विश्वास ठेवू नका. अंतिम अहवालाला वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. आणि एकट्या पायलटवर खापर फोडलं, तर बाकीचे दोष पुढच्या विमानात तसेच राहतात.