मराठी वाचक आणि लिनक्सची सुलभता

बालाघाट जिल्ह्यातील उकवा हे मँगनीजच्या खाणीचे गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. पुढे राज्यकारभार हिंदीत चालू लागला; मराठी ही मुख्यतः मराठी घरांची आणि त्यांच्या पुस्तकांची भाषा राहिली. अशा सीमाभागातील मराठी वाचकाला संगणक सोपा वाटावा, तर त्यावर आपली भाषा शुद्ध उमटली पाहिजे.

या दृष्टीने लिनक्स या संगणक प्रणालीचा इतिहास पाहण्याजोगा आहे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी तिचा गाभा प्रसिद्ध केला. आरंभी ती जाणकारांपुरतीच होती. बहुतेक कामे आज्ञा टंकून करावी लागत. १९९६ मध्ये केडीई व १९९७ मध्ये जीनोम हे प्रकल्प सुरू झाले आणि चित्रे व खिडक्यांच्या साहाय्याने ती सामान्यांच्या आटोक्यात येऊ लागली.

तथापि पडद्यावरील सूचना इंग्रजीत असेपर्यंत ही सुलभता अपुरीच होती. देवनागरीतील जोडाक्षरांची आणि व्यंजनाआधी लिहिल्या जाणाऱ्या ऱ्हस्व वेलांटीची मांडणी यंत्राला शिकवावी लागली. मराठीची निकड आणखी वेगळी. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील अर्थभेद ‘र’च्या रूपावर अवलंबून असतो, हिंदीला त्याची गरज नसल्याने केवळ हिंदीसाठी घडविलेला टंक मराठीला पुरत नाही. १९९१ च्या युनिकोड संकेतप्रणालीत देवनागरीला स्थान मिळाले. २००४ मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ टंक खुल्या परवान्याने उपलब्ध केले. केडीई व जीनोम मराठीत आले. २००७ मध्ये सी-डॅकने भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली आणली.

हे शक्य झाले ते खुल्या परवान्यामुळे. मूळ संहिता सर्वांना उपलब्ध असल्याने बाजारपेठ लहान असलेल्या भाषांनाही कोणाच्या अनुमतीवाचून काम करता आले. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयसंस्थेसाठी तयार होऊन २००० साली खुली झालेली ‘कोहा’ ही ग्रंथालय प्रणाली याच परंपरेतील होय.

अडचणी संपलेल्या नाहीत. युनिकोडपूर्व टंकांतील मराठी मजकूर तो टंक नसल्यास रूपांतराविना वाचता येत नाही. अनेक पारिभाषिक शब्दही अनोळखी वाटतात. मात्र येथे खटकणारा शब्द सुधारण्याची वाट सामान्य वाचकालाही मोकळी आहे.