पेवातील दिवा : नगर जिल्ह्यातील कोंडलेल्या हवेच्या परीक्षेचा इतिहास

दख्खनच्या पठारावरील अवर्षणाच्या टापूत, आणि त्यातही पूर्वीच्या अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, ज्वारी साठवण्यासाठी पेव खणण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. पेव म्हणजे तोंडाशी अरुंद आणि आत रुंद होत जाणारा खोल खड्डा; तो शेताच्या काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत न खणता गावठाणाच्या पांढरीत, म्हणजे वस्तीच्या कोरड्या उंचवट्यावरील मातीत किंवा तिच्याखालच्या मुरमात खणला जाई. तळाला आणि कडांना कडबा व भुसा यांचा जाड थर देऊन त्यात धान्य ओतले जाई आणि तोंडावर दगड बसवून, माती लिंपून ते बंद केले जाई. कडेचे थोडे धान्य काळवंडले आणि त्याला कुबट वास आला, तरी मधले धान्य वर्षानुवर्षे टिकत असे. ज्या जिल्ह्यात एका चांगल्या सुगीवर पुढची दोन-तीन वाईट वर्षे काढावी लागत, तेथे पेव हाच कुटुंबाचा आणि सावकाराचाही खरा ठेवा होता.

धान्य टिकण्याचे कारण आणि पेव धोक्याचे असण्याचे कारण एकच होते. साठवलेले दाणे आणि त्यांतील किडे श्वसन करतात, म्हणजे बंद जागेतील ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडतात; काही काळाने ऑक्सिजन इतका घटतो की किडे मरतात आणि धान्य वाचते. परंतु त्याच हवेत माणूस उतरला तर तोही काही क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तोंड उघडले तरी तो तळाशी साचून राहतो. म्हणून पेव फोडल्यावर ते आधी बराच वेळ उघडे ठेवावयाचे, मग दोरीला बांधलेला पेटता दिवा आत सोडावयाचा, आणि तो तळाशी तेवत राहिला तरच माणसाने उतरावयाचे, असा दंडक होता. जुन्या आडांचा आणि विहिरींचा गाळ काढतानाही हीच रीत पाळली जाई.

ही परीक्षा अंदाजाची नव्हती, हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. मोकळ्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. ते १६ टक्क्यांच्या आसपास उतरले की साधी ज्योत विझते, तर माणसाची शुद्ध हरपण्याची वेळ ते १० टक्क्यांच्या खाली गेल्यावर येते. या दोन आकड्यांमधले अंतर हीच दिव्याने दिलेली सवड होय. ज्यांनी ही रीत घालून दिली त्यांना यातील एकही आकडा ठाऊक नव्हता, तरीही त्यांनी निवडलेले साधन माणसाच्या आधी इशारा देणारे होते, आणि ही त्यांच्या निरीक्षणाची मोठीच मिळकत मानली पाहिजे.

पेवांचा काळ मागे पडत गेला, त्यामागे अनेक कारणे होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने साठे रिकामे केले. १८७८ मध्ये सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गाने धान्य दूरच्या बाजारांत नेणे आणि तेथून आणणे सोपे केले. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या कालव्यांखाली प्रवरेच्या खोऱ्यात ऊस आला, आणि पेवाला लागणारी कोरडी जमीन कालव्याच्या ओलीत राहत नाही. पुढे गोणी, कणग्या आणि गोदामे यांनी उरलेली जागा घेतली. पेव गेले तशी हवेची परीक्षा घेण्याची सवयही ओसरली. कोंडलेल्या हवेच्या जागा मात्र गेल्या नाहीत. विहिरी खोल होत गेल्या, आणि पंपाची पाणी खेचण्याची मर्यादा प्रत्यक्षात सात-आठ मीटरच असल्यामुळे डिझेल इंजिन विहिरीतच उतरवून बसवण्याची पद्धत पडली. अशा इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील ऑक्सिजन वाहण्याची शक्तीच हिरावून घेतो आणि त्याच्या उपस्थितीत दिवा मात्र तेवतच राहतो. येथे जुनी परीक्षा तोकडी पडते.

बायोगॅसच्या खड्ड्यात तर ती घातकच ठरते. शेण कुजून निघणाऱ्या वायूत मिथेन असतो, आणि त्यात पेटता दिवा सोडणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण देणे होय. शिवाय त्यातील हायड्रोजन सल्फाइड अल्प प्रमाणात सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण प्रमाण वाढताच नाकाची वास घेण्याची क्षमता बधिर करतो, त्यामुळे वास थांबला म्हणजे धोका टळला असे वाटते. एप्रिल २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातील वाकडी येथे शेणाची रबडी साठवलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला वाचवण्यासाठी एकामागून एक उतरलेली पाच माणसे मृत्युमुखी पडली. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण तेवढा बाहेर काढता आला. पहिला माणूस निपचित पडलेला पाहून दुसरा उतरतो, ही अशा दुर्घटनांची सर्वत्र आढळणारी रीत आहे. पेवाच्या दंडकात नेमके हेच थोपवलेले होते, कारण तेथे हवेची परीक्षा झाल्याखेरीज पहिल्या माणसालाही उतरू दिले जात नसे.

हवेतील ज्या धोक्यांना दिवाही ओळखत नाही आणि नाकही ओळखत नाही, त्यांत रेडॉनची गणना होते. खडकांतील आणि मातीतील युरेनियमचा क्रमाक्रमाने क्षय होत असता रेडियम तयार होते आणि रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सारी वायू निपजतो; त्याला रंग, वास वा चव नसते आणि सुमारे ३.८ दिवसांत तो निम्मा होतो. त्याच्यापासून बनणारे कण श्वासावाटे फुप्फुसात बसून अल्फा किरण सोडतात, त्यामुळे तो पेवातील हवेप्रमाणे क्षणात मारत नाही, तर वर्षानुवर्षांच्या सहवासाने कर्करोगाचा धोका वाढवतो, आणि धूम्रपान करणाऱ्यांत तो धोका कितीतरी अधिक असतो. जर्मनीतील श्नीबर्गच्या खाणकामगारांचा फुप्फुसाचा रोग हा कर्करोग आहे, हे १८७९ मध्ये नोंदवले गेले. रेडियमपासून निघणारा हा वायू फ्रीडरिश एर्न्स्ट डोर्न यांनी १९०० मध्ये ओळखला. राहत्या घरांकडे जगाचे लक्ष वळले ते १९८४ मध्ये, जेव्हा पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीज केंद्रातील एका अभियंत्यामुळे तेथील किरणोत्सार-सूचक यंत्र वाजू लागले आणि त्याचे कारण केंद्रात नसून त्याच्या घरातल्या रेडॉनमध्ये आहे, असे आढळले.

भारतात घरांतील रेडॉनच्या मोजणीचा पाया तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने घातला. एलआर-११५ या नावाच्या सेल्युलोज नायट्रेटच्या पातळ फिती लहान डबीत बसवून घराघरांत सुमारे तीन महिने टांगून ठेवावयाच्या, मग कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात त्या धुवून अल्फा कणांनी पाडलेले सूक्ष्म व्रण मोजावयाचे, अशी ही पद्धत होती. हे काम संथ असले तरी तीन महिन्यांची सरासरी देत असल्यामुळे आजही भरवशाचे मानले जाते.

नगर जिल्ह्याची भूमी या बाबतीत सुदैवी म्हणावी लागेल. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी, म्हणजे काळ्या बेसॉल्टने, ती बनलेली आहे, आणि या खडकात युरेनियम दहा लाख भागांत बहुधा एका भागाहूनही कमी असते, तर ग्रॅनाइटमध्ये ते साधारण तीन ते पाच भाग असते. त्यामुळे येथील जमिनीतून घरात शिरणारा रेडॉन ग्रॅनाइटी प्रदेशांपेक्षा कमी असणे अपेक्षित आहे. जुन्या वाड्यांची रचनाही हवेला अनुकूल होती. मधला चौक उघडा असे, आणि हवा कोंडण्याच्या जागा म्हणजे तळघर व भिंतीतले धान्याचे बळद एवढ्याच होत. आजच्या वातानुकूलित, सरकत्या काचांनी बंद केलेल्या घरांत मात्र हवेची अदलाबदल कमी होते, आणि म्हणून भूमी अनुकूल असली तरी मोजून पाहण्याचे महत्त्व उरतेच. स्वयंपाकाच्या ओट्यावरील ग्रॅनाइटची भीती पुष्कळांना वाटते; पण घरातील रेडॉनचा मुख्य स्रोत बहुधा ओटा नसून खालची जमीन असते.

हल्ली मोबाइलला जोडता येणारी रेडॉन-मापके मिळतात. त्यांच्या आत एक लहान कक्ष असतो, त्यात हवा आपोआप पसरते आणि सिलिकॉनचा संवेदक अल्फा कणांचे आघात मोजतो. ही मोजणी ब्लूटूथद्वारे मोबाइलवर बेकरेल प्रति घनमीटर या एककात दिसते, आणि एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा क्षय. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरांसाठी १०० ही संदर्भ-पातळी सुचवली, आणि जेथे ती गाठणे शक्य नाही तेथेही ३०० ओलांडू नये असे म्हटले. आकडा रात्री दारे-खिडक्या बंद असताना चढतो आणि सकाळी त्या उघडल्यावर उतरतो. म्हणून यंत्र तळमजल्यावरील झोपण्याच्या खोलीत, खिडकीपासून दूर, काही आठवडे ठेवून सरासरीच पाहावी लागते. पेवातील दिव्याचा कौल क्षणात मिळे, या यंत्राचा मिळण्यास धीर धरावा लागतो. मात्र हेच यंत्र विहिरीत किंवा बायोगॅसच्या खड्ड्यात सोडले तर ते कोणताही इशारा देणार नाही, कारण तेथील वायू त्याच्या मोजणीत येतच नाहीत. त्या कामासाठी ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे चारही मोजणारे वेगळे यंत्र लागते, आणि नगरच्या शेतशिवारात रेडॉन-मापकापेक्षा त्याची निकड कितीतरी मोठी आहे.